अगस्तवीर घाबरतो

बेंजामिन नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात रंगखात्यात होता आणि गहिनीनाथ अकोले तालुक्यातल्या आश्रमशाळेत मास्तर. नगरच्या कॉलेजात दोघांची गाठ पडली ती कॉमिक्सच्या वेडापायी. गहिनीनाथच्या तालुक्यात अगस्ती ऋषींचं देऊळ. एका आचमनात समुद्र पिऊन टाकणाऱ्या त्या ऋषींची गोष्ट तो आईच्या तोंडून ऐकत वाढला होता. त्यातूनच त्यानं अगस्तवीर रचला. कुठं पूर आला की हा धावत यायचा आणि सगळं पाणी ओंजळीनं पिऊन टाकायचा. चित्रं बेंजामिनची. बेंजामिनच्या चर्चमधली पोरं काय अन् आश्रमशाळेतली काय, सगळी त्याच्यावर फिदा.

मग गहिनीनाथच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी नगरला यावं लागायचं, म्हणून तो बेंजामिनच्या खोलीवरच राहायला आला. आईला, रतनबाईला, फोनवर हसत सांगायचा, "काय न्हाई गं, बरा होऊन येतोच." डॉक्टरांनी पाणी बेतानं प्यायला सांगितलेलं. घसा कोरडा पडला की बर्फाचा खडा जिभेवर ठेवायचा आणि लिहीत बसायचा.

एका रविवारी बेंजामिन चर्चमधून आला, तर गहिनीनाथ म्हणाला, "ह्या भागात अगस्तवीर मरतो. पूर पितो, गाव वाचवतो, पन पोटातलं पानी भाईर काढता येत न्हाई त्याला."

"डोकं फिरलं का तुझं? पोरं रडतील."

"रडू दे की. रडायचंच असतं तवा."

बेंजामिनला राग आला. तो दिवसभर त्याच्याशी बोलला नाही. पण आजारी माणसाला नाही म्हणायचं बळ त्याच्यात नव्हतं. कारखान्यातून आला की तो मुकाट चित्रं काढायला बसू लागला.

शेवटचं पान झालं तेव्हा ते घेऊन तो थेट दवाखान्यात गेला. गहिनीनाथ पलंगावर पडलेला, एका हातात सुया, शेजारी मशीन घरघरतंय. चित्रात पाण्यानं फुगलेला अगस्तवीर ताठ उभा होता, डोळे मिटलेले, चेहरा एखाद्या संतासारखा शांत. गहिनीनाथनं ते बराच वेळ निरखलं.

"चुकलंय, बेन्या. त्याला घाबरू दे."

"हीरो कुठं घाबरतो व्हय?"

गहिनीनाथ छताकडं बघत हळूच म्हणाला, "मी घाबरतो. लई घाबरतो."

बेंजामिननं त्याचा मोकळा हात हातात घेतला आणि मशीन थांबेपर्यंत तसाच बसून राहिला. घरी आल्यावर अगस्तवीरचा चेहरा खोडला आणि दवाखान्यात पाहिलेला चेहरा काढला. तो बघून गहिनीनाथनं नुसती मान हलवली. रंग भरून व्हायच्या आतच तो गेला.

कॉमिकचा अंक छापून आला तेव्हा बेंजामिन जीपनं त्याच्या गावी गेला. रतनबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला वाचता येत नव्हतं. बेंजामिननं शेजारी बसून वाचून दाखवलं. शेवटच्या पानावर तिनं त्याचा हात अडवला.

"हा माझा गहिनी हाय."

तिनं त्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं.

"असा भ्यालेला मी त्याला कधी बघितला न्हाई. मला म्हनायचा, बरा हाय. तुला बोलला व्हता का रं?"

"व्हय मावशी. एकदाच."

रतनबाईनं पदर तोंडाला लावला. रडं ओसरल्यावर म्हणाली, "बरं झालं. कुनापाशी तरी बोलला."

त्या दिवशी तिनं त्याला जाऊ दिलं नाही. भात टाकला, समोर बसवून जेवू घातलं. अगस्तवीरचं चित्र बेंजामिननं पुन्हा काढलं नाही. चर्चमधली पोरं अजून विचारतात, पुढचा भाग कधी? तो त्यांना सांगतो, "संपला रे तो." पोरांना ते पटत नाही. त्यालाही पटत नाही.