उशीखालची फणी

सिस्टरने टेलरमावशींची उशी उचलली आणि ती थबकली. खाली मास्तरीणबाईंची फणी होती. आदल्या दिवशीच ती जंतूंच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जायला हवी होती. सिस्टरने सगळी खोली पालथी घातली, तेव्हा ही बाई साळसूदपणे भिंतीकडे बघत बसली होती.

"मावशी, हे काय?"

"फिरवली डोक्यावरून. चांगली खसाखसा." टेलरमावशींनी हनुवटी वर केली. "घे आता तुझी ती तपासणी."

टेलरमावशी आणि मास्तरीणबाई, दोघींच्या अंगावर औषधांना न जुमानणारा एकच जंतू सापडला होता, म्हणून त्यांना या बंद खोलीत एकत्र ठेवलं होतं. त्रास कुणालाच नव्हता. जंतू नुसता वस्तीला आलेला. पण आत येणारा प्रत्येकजण गाऊन-हातमोजे चढवून यायचा आणि काम उरकून सटकायचा. टेलरमावशींचा लेक तर दारातूनच हात हलवायचा. उघड्या हाताने एकमेकींना शिवतील अशा या दोघीच उरल्या होत्या. मास्तरीणबाईंचा उजवा हात अर्धांगवायूने गेलेला. टेलरमावशी रोज त्यांची वेणी घालायच्या आणि घालता घालता सगळ्या वॉर्डाची खबरबात सांगायच्या.

आदल्या दिवशी मास्तरीणबाईंचा नवा रिपोर्ट आला. त्यांच्या अंगावर आणखी एक जंतू निघाला, पहिल्याहून वाईट. टेलरमावशींच्या मोडक्या खुब्याचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. हा दुसरा जंतू जखमेत शिरला असता, तर त्यावर द्यायला औषधच नव्हतं. मध्ये पडदा ओढला गेला आणि टेलरमावशींना वेगळ्या खोलीत हलवायचं ठरलं.

"मलाही तोच निघाला तर?" त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

"मग काय, राहा दोघी एकत्र," सिस्टर कामाच्या नादात बोलून गेली होती. आता तिने जीभ चावली, पण उपयोग काय?

"चला, आधी डोक्यावरून आंघोळ. मग नवी खोली."

"रिपोर्ट आल्याशिवाय मी हलणार नाही." टेलरमावशींनी पलंगाचा कठडा घट्ट धरला. त्या हट्टाला पेटल्या होत्या, आणि त्या खुब्याला जबरदस्तीने हात लावायची कुणाची टाप?

तेवढ्यात पडद्यापलीकडून वर्गात घुमावा तसा आवाज आला.

"सिस्टर, न्या हिला."

"बाई?" टेलरमावशी म्हणाल्या.

"रात्रभर घोरते, दिवसभर तोंडाची टकळी. वेणी घालताना केस ओढते ते वेगळंच. महिनाभर भिडेखातर गप्प बसले. आता नाही सोसत."

पडदा हलला नाही. टेलरमावशी त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी कठडा सोडला.

"ने गं बाई मला," त्या सिस्टरला म्हणाल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

त्यांना न्हाऊमाखू घालून, नव्या खोलीत ठेवून सिस्टर परत आली, तेव्हा मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"औषधाच्या पाण्याने घातलीत ना आंघोळ?"

"हो."

"कानामागे?"

"तिथेही."

पुढे काही दिवस सिस्टरचा जीव टांगणीला लागला. अखेर टेलरमावशींचा रिपोर्ट आला. दुसरा जंतू नव्हता. ती ही बातमी घेऊन धावतच मास्तरीणबाईंच्या दाराशी आली, मग गाऊन-हातमोजे चढवायला थांबली.

"म्हणजे तिचं ऑपरेशन होणार," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"उद्याच."

"रागावलीय अजून?"

"तुमचं नाव काढू देत नाहीत. मी खरं काय ते सांगू का त्यांना?"

"छे! लगेच उठून इकडे यायला निघेल ती. घरी जाईपर्यंत रागावू दे."

इतक्या दिवसांत मास्तरीणबाईंच्या केसांना कुणी हात लावला नव्हता. त्यांचा नुसता गुंता झाला होता. सिस्टरने नवी फणी काढली आणि हातमोज्यांतल्या बोटांनी हळूहळू जटा सोडवायला घेतल्या. मास्तरीणबाईंनी डोळे मिटले.

"ओढले जातायत का?"

"जातायत थोडे. चालू द्या." मग त्या म्हणाल्या, "तिच्या हातून एकदाही ओढले गेले नाहीत हो."