भोकाची साक्ष

एक भुकेली अळी.

कागदावरचे पिवळे फूल.

फुटपाथवर पसरलेले गोणपाट. "ए रद्दीवाली, बाजूला सरक!"

चष्म्याच्या काचेवर धरलेली श्वासाची वाफ.

आणि मी.

मित्रांनो, मी एक जुने भोक आहे. हसू नका. वनस्पतींच्या एका दुर्मीळ पुस्तकात, या पुठ्ठ्यापासून त्या पुठ्ठ्यापर्यंत, मी आरपार राहतो. मोहरीच्या दाण्याएवढा. तुम्ही म्हणाल, भोक म्हणजे काहीच नाही. खरे आहे. पण हे 'काहीच नाही' घडवायला एका कसरीने, कागद खाणाऱ्या त्या अळीने, जन्म वेचला, आणि तिने कसलीही कसर ठेवली नाही.

○

माझी मालकीण जुन्या, दुर्मीळ पुस्तकांचा व्यापार करायची. सगळे तिला ताई म्हणत. धंदा सुरू केला तो फुटपाथवर, गोणपाट पसरून. आत्या नाक मुरडायची, "शिकूनसवरून रद्दी विकतेस? कोण करणार तुझ्याशी लग्न?"

"ज्याला वाचता येतं तो," ताई म्हणायची.

गोणपाटाची टपरी झाली, टपरीचे दुकान झाले. ताई पुस्तकाचा वास घेई, कागदावरून अंगठा फिरवी, पान उजेडात धरी. मग म्हणे, "अस्सल आहे." एवढे ऐकले की गिऱ्हाईक दुसरीकडे विचारायला जात नसे. सगळ्या आयुष्यात तिने कमावले ते हे दोन शब्द.

मला मात्र सगळे टाळत. लिलावात लोक हळहळले, "अरेरे, किडकं निघालं!" ताई मला पाहून खूश झाली आणि तिने पुस्तक घेतले. "सगळी पानं पहिल्यापासून एकत्र आहेत, त्याचा हा साक्षीदार," ती म्हणाली. भोक असूनही माझी छाती फुगली.

∘

एकदा संग्रहालयाच्या मॅडम पुस्तक बघायला येणार होत्या. ताईचा धाकटा भाऊ बाब्या दुकानात बांधणी आणि दुरुस्ती करायचा. बहिणीला खूश करावे म्हणून, तिला न सांगता, त्याने पिवळ्या फुलाच्या चित्राच्या समासातले भोक कागदाच्या लगद्याने आणि खळीने बुजवले. तेवढेच एक पान. मी मधेच तुटलो. जीव घुसमटणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

मॅडम बारीक नजरेच्या. छिद्रान्वेषीच म्हणा ना! त्या नेमक्या त्या चित्रापाशी थांबल्या.

"हा कागद वेगळा आहे. चित्र दुसऱ्या प्रतीतलं आणून लावलंय का?"

"चित्रांचा कागद जाडच असायचा," ताई म्हणाली. "भोक बघा ना, आरपार गेलंय."

"कुठे? इथे तर ठिगळ आहे. भोक बुजवलंय, की मुळात नव्हतंच आणि वरून नुसतं ठिगळ चिकटवलंय?"

ताईने पाहिले. तिचा चेहरा उतरला. जन्मभराचे दोन शब्द एका ठिगळावर येऊन अडकले होते.

"बाब्या! काय करून ठेवलंस हे?"

"छान दिसावं म्हणून गं, ताई..."

"छान दिसायला पुस्तक काय नवरी आहे?"

मॅडमनी पुस्तक मिटायला घेतले. तसा बाब्या पुढे झाला. "थांबा, मॅडम. माझी खळ पाण्याने सुटते. सुटत नाही ती खळ आमच्या दुकानात चालतच नाही."

त्याने ओला कुंचला ठिगळावर टेकवला. ताई इतकी वाकली की तिच्या चष्म्यावर वाफ धरली. बाब्याने चिमट्याने लगदा अलगद उचलला. आणि मित्रांनो, तिथे मी होतो! मागच्या पानावर जिथे, पुढच्या पानावर जिथे, बरोबर तिथेच. काठही तसेच कुरतडलेले. मॅडमनी भिंग लावून तिन्ही पाने पाहिली, पुन्हा पाहिली.

"अस्सल आहे," त्या म्हणाल्या.

"ते माझे शब्द आहेत हं," ताई म्हणाली. दोघी हसल्या. बाब्या मात्र डोळे पुसत होता.

·

आता मी संग्रहालयात काचेच्या पेटीत असतो. पाटीवर फुलाचे नाव आहे, ताईचे आहे, माझे नाही. चालायचेच. मुले काचेला नाक लावून ओरडतात, "ए, भोक बघ!" मला तेवढे पुरते.

मित्रांनो, जुनी वस्तू जपा. मोडली तर जरूर दुरुस्त करा, पण तुमची दुरुस्ती उद्या कुणाला सोडवता येईल अशी करा. आणि प्रत्येक उणीव बुजवायची घाई करू नका.

बाब्याला ही पाण्याने सुटणारी खळ शिजवायला ताईनेच शिकवले होते. तेव्हा त्याचा हात शेगडीपर्यंत पोहोचत नव्हता.