तीन पुंजाराम आणि मी

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. मित्रांनो, नुसता बिल्ला म्हणून नाक मुरडू नका. अदालतीत मला 'चपरास' म्हणत, आणि मी ज्याच्या छातीवर, तो चपराशी. म्हणजे माणसाला माझ्यावरून नाव मिळालं, मला माणसावरून नाही. एवढा मान दुसऱ्या कुठल्या पितळेला मिळाला असेल, सांगा बरं!

माझा जन्म निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी, शहागंजातल्या एका तांबटाच्या दुकानात झाला. राज्य बदललं तसे जुने बिल्ले मुशीत गेले आणि त्याच पितळेतून आम्ही नवे होऊन बाहेर पडलो. माझ्यावर वरती उर्दू, खाली मराठी अक्षरं कोरली, आणि लाल पट्ट्यावर टाचून मला अदालतीत धाडलं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. तिथं मी गयासभाईंच्या छातीवर आलो.

गयासभाई अंगानं काडी, पण आवाज असा, की त्यांनी दारात उभं राहून पुकारा केला की छतावरची कबुतरं उडायची. "पुंजाराम वल्द बन्सी, हाजिर होऽऽ!" आधी नाव, मग वल्द म्हणून बापाचं नाव, मग लांबवलेलं हाजिर हो. बापाचं नाव घेतल्याशिवाय पुकारा पुरा होत नसे, कारण एका नावाची माणसं आमच्या मुलखात पैशाला पासरी. ती हाक छातीतून निघताना मी पट्ट्यावर थरथरायचो. मला ते फार आवडायचं.

हा पुंजाराम फुलंब्रीजवळच्या एका गावात कांदा पिकवायचा. शेताच्या बांधावरून आप्पासाहेब नावाच्या बड्या असामीशी त्याचं वाजलं, आणि आप्पासाहेबांनी त्याच्यावर बैल चोरल्याची खोटी फिर्याद ठोकली. पुंजाराम जामिनावर सुटला होता. जामीन राहिला होता त्याचा दोस्त निजामुद्दीन, स्वतःचा टांगा आणि घोडा लिहून देऊन. पुंजाराम एका जरी तारखेला हजर झाला नसता, तरी तो तुरुंगात आणि दोस्ताचा टांगा जप्त! म्हणून त्याची बायको मनकर्णाबाई प्रत्येक तारखेला त्याच्याबरोबर यायची. दिवसभर लिंबाखाली बसून ती पुकारे ऐकत राहायची.

अशाच एका तारखेच्या आदल्या सकाळी गयासभाईंनी मला चिंचेनं घासलं आणि चहाच्या दुकानात खुंटीवर वाळत टाकलं. चहा पिऊन वळतात तो खुंटी रिकामी! मला बद्रीनाथ नावाच्या एका उपटसुंभानं पळवलं होतं. तो आप्पासाहेबांचा वैजापूरकडचा माणूस. त्या दोघांचं बोलणं ऐकून माझं पितळ गार पडलं. बद्रीनाथनं चपराशी बनून पुंजारामला कोर्टाच्या नावानं गावातून न्यायचं आणि तारीख उलटेपर्यंत वैजापूरच्या एका गोदामात कोंडून ठेवायचं, असा बेत होता.

दुपारी आम्ही गावाच्या विहिरीवर पोचलो. समोर कोण, तर मनकर्णाबाई, घागर भरत असलेली.

"ए बाई, पुंजारामचं घर कोणतं? त्याचा जामीन मोडला. मी कोर्टाचा नवा चपराशी, त्याला न्यायला आलोय."

मनकर्णाबाईनं घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि माझ्याकडं निरखून पाहिलं.

"बिल्ला तर खराच दिसतोय," ती म्हणाली.

मी ओरडून सांगणार होतो, की बाई, मी खरा आहे पण हा खोटा आहे! पण पितळेला कुठली जीभ? माझ्याच चकाकीनं पुंजाराम बुडणार म्हणून मला रडू येत होतं.

"पन बिल्ला काय बोलतो व्हय?" ती पुढं म्हणाली. "तुमी बोला. कोर्टात पुकारतेत तसं हितून पुकारा. माणूस आपसूक येतंय."

बद्रीनाथ चरफडला. पण विहिरीवर बायका जमल्या होत्या. त्यानं घसा खाकरून हाक दिली, "ए पुंजाराम, हाजिर हो!"

मी जरासुद्धा थरथरलो नाही. पण गाव हललं. एका घरातून अर्धी दाढी केलेला आमचा पुंजाराम आला. गोठ्यातून म्हशीचं दावं धरून दुसरा आला. आणि त्यांच्यामागून काठी टेकत तिसरा, म्हातारा पुंजाराम.

"घ्या," मनकर्णाबाई म्हणाली. "यातला कोनता न्यायचा? बापाचं नाव सांगा आन घेऊन जा."

बद्रीनाथचा घाम माझ्यावर टपटपू लागला. "वल्द... वल्द..." करत त्यानं म्हाताऱ्याकडंच बोट केलं. "हाच!"

"मी?" म्हातारा खूश झाला. "न्या की! पन टांग्यातून न्या, चालनं व्हत नाय."

सगळं गाव खो खो हसत सुटलं. बद्रीनाथ पळायला वळला तशी मनकर्णाबाईनं पट्टाच धरला. तो पट्ट्यातून डोकं काढून कांद्याच्या वाफ्यांतून धूम पळाला, आणि मी तिच्या हातात राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी भाकरीच्या फडक्यातून अदालतीत परतलो. चटणीचा वास मला अजून आठवतो. गयासभाई दारात उभे होते, पडलेल्या चेहऱ्यानं, मोकळ्या छातीनं. पण वेळ झाली तशी त्यांनी मान वर केली.

"पुंजाराम वल्द बन्सी, हाजिर होऽऽ!"

कबुतरं उडाली. मित्रांनो, मी त्यांच्या छातीवर नव्हतो, तरी फडक्यात थरथरलो.

"हाजिर!" पुंजाराम म्हणाला, आणि त्याच्याहून मोठ्यानं मनकर्णाबाई.

मग तिनं मला गयासभाईंच्या हातात ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले. "बाई, तुमने तो मेरी लाज रखी," एवढंच ते बोलले. पुढं फिर्याद खोटी ठरली. निजामुद्दीननं टांगा सजवून थेट त्या गावी नेला आणि पहिली फेरी म्हाताऱ्या पुंजारामला दिली.

आता मी गयासभाईंच्या नातीच्या, शहजादीच्या, पेटीत असतो. ती ईदला आठवण ठेवून मला चिंच लावते. तुमच्याही घरात जुनं पितळ असेल तर त्याला कोपऱ्यात काळं पडू देऊ नका. पण उद्या कुणी माझ्यासारखं काही चमकवत दारात आलं, तर चकाकीला भुलू नका. निर्धास्त विचारा. खरा माणूस विचारलं म्हणून रागावत नाही. त्या गावी समन्स घेऊन जाताना गयासभाई पुढं कायम विहिरीवरच थांबत आणि कुणी सांगायच्या आधीच बापाच्या नावासकट पुकारा करत. आणि नाव कुणाचंही असो, म्हातारा पुंजाराम काठी टेकत येऊन विचारायचा, "टांगा आनलाय का?"