मेंढरांसाठी आलेला टिपर

सोलापूरच्या ट्रक एजन्सीच्या त्या पत्राला बिरप्पानं उत्तर दिलंच नव्हतं. लांब चासीच्या ट्रकला उशीर होईल, आखूड चालेल का, असं त्यात विचारलं होतं. बिरप्पानं ते एकदा वाचलं आणि फडताळावर भिरकावलं. सांगोल्याच्या बाजारात मेंढरांचा सौदा उपरण्याखाली बोटं दाबून होतो. ठरलं की ठरलं. मागाहून कुणी "त्याऐवजी हे घेता का?" म्हणालाच, तर त्याच्याकडं कुणी पाहतसुद्धा नाही. न बोलणं हाच तिथं नकार. एवढी साधी गोष्ट सोलापूरच्या खुर्चीतल्या माणसांना ठाऊक नसेल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

गाडी नोंदवून चार वर्षं आपल्या नंबराची वाट पाहून तो बायकोला, मायाक्काला घेऊन ट्रक न्यायला आला. मुंबईच्या बाजाराला नेताना भाड्याच्या ट्रकांत दर उन्हाळ्यात त्याची मेंढरं गुदमरून मरत. लांब गाडी, तिच्यावर दोन मजली लाकडी जाळी, एवढंच त्याला हवं होतं. एजन्सीच्या आवारात मात्र उभा होता आखूड टिपर, मागं लोखंडी हौदा घेऊन. त्याला झेंडूचा हार घातला होता, चाकांखाली लिंबं ठेवली होती, आणि शेजारी मॅनेजर सिद्धप्पा टेरिकॉटच्या शर्टात वरबापासारखा हसत होता.

"या की पाव्हणं. नारळ फोडा, लिंबावरनं चाक फिरवा. गाडी तुमची."

मायाक्का गाडीभोवती फिरून आली. "ह्यो हौदा वर उचलतोय व्हय?"

"नुसता दांडा वडायचा, वहिनी. सगळा माल खाली."

"मेंढरं काय खडी हाय व्हय, ओतायला?"

मेकॅनिक तोंड फिरवून हसले. सिद्धप्पाचं हसू मात्र आटलं.

"पत्र पाठवलं होतं आम्ही. उत्तर आलं नाही, म्हणून होकार धरला."

"आमच्यात उत्तर न्हाय म्हंजी न्हाय," बिरप्पा म्हणाला.

"ते मेंढरांत चालत असेल. ऑफिसात नाही. परत केलीत तर नंबर शेवटाला जाईल. तोवर मेंढरं न्या की चालवत मुंबईला."

नारळ बिरप्पाच्या हातात होता. टिपर घेऊन खडी वाहिली तर पैसा मिळेल, हे त्याला कळत होतं. पण मेंढरं पुन्हा परक्याच्याच ट्रकात कोंबावी लागतील. दात झिजलेली मेंढी तरणी म्हणून खपवणाऱ्याकडं पाहावं, तसं त्यानं सिद्धप्पाकडं पाहिलं आणि नारळ त्याच्याच हातात ठेवला.

"तुमीच फोडा. शोभंल तुमाला."

मायाक्कानं चाकांखालची लिंबं उचलून पदरात घेतली. "सरबताला हुतील."

"नकार लेखी द्यावा लागेल," सिद्धप्पा मागून ओरडला. "नाहीतर पुन्हा होकारच धरणार."

त्या माणसाच्या टेबलापुढं उभं राहून कागद द्यायची बिरप्पाला किळस आली. तो सरळ पोस्टात गेला आणि दोरीनं बांधलेल्या टाकानं त्यानं लिहिलं: 'आखूड गाडी चालत नाही. घेतली नाही. लांब गाडी ठरली होती, तीच द्यावी. पुन्हा विचारू नये.'

"आनि तवर?" मायाक्कानं विचारलं.

"तवर भाड्याच्या गाडीत निम्मीच भरायची."

"खर्च तरी निघंल का?"

"न्हाय निघाला तर न्हाय. जित्ती तर पोचतील."

मायाक्कानं लिंबं पदराच्या गाठीत बांधली. बिरप्पानं खिडकीतून पाकीट आत सरकवलं, आणि कारकुनानं त्यावर शिक्का मारेपर्यंत तो तिथून हलला नाही.