पाटीवरचे सन्स

आमचे वडील पेंटरबुवा. पाट्या रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण ते हात थरथरायला लागून आता वीस वर्षं झाली. तेव्हापासून दुकानातली प्रत्येक पाटी मी रंगवते. वडील खुर्चीत बसून "वेलांटी सांभाळ" म्हणतात आणि धाकटा भाऊ गिऱ्हाइकांशी बोलतो. बोलण्यात त्याचा हातखंडा. ब्रश मात्र त्याने आजवर दाढीचाच धरलेला.

दुकानासाठी नवी जागा घेतली तेव्हा आमचीच पाटी रंगवायची वेळ आली. फळी दारावर ठोकून झाली आणि भावाने मजकूर कागदावर लिहून माझ्या हातात दिला: 'पेंटरबुवा आणि सन्स'.

मी विचारलं, वडिलांना मुलगा एकच, मग सन्स कुठून आले? तो म्हणाला, नुसतं 'सन' बरं दिसत नाही, सन्सने वजन येतं. म्हणजे जो जन्मालाच आला नाही त्या दुसऱ्या मुलाला पाटीवर जागा, आणि जी वीस वर्षं टर्पेंटाइनच्या वासाच्या हातांनी जेवते तिला नाही. मी वडिलांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत बसले. अडचणीच्या वेळी त्यांचा चष्मा फार मळतो.

मी सरळ सांगितलं, 'आणि कन्या' लिहायचं. भाऊ हसला. उद्या तू लग्न करून गेलीस की पाटी पुन्हा रंगवायची का, म्हणे. मी बेचाळीस वर्षांची आहे. हा त्याचा 'उद्या' काही उजाडायला तयार नाही. वडिलांचं रडगाणं वेगळं. लोक म्हणतील, म्हातारा मुलीच्या जिवावर जगतो. लोक खरं बोलतील, याचीच त्यांना धास्ती.

मग मी शिडीवर चढले, 'पेंटरबुवा आणि' एवढं झोकात रंगवलं आणि खाली उतरले.

"पुढचं ज्याचं आहे त्याने रंगवावं," मी म्हटलं.

त्यात काय मोठंसं, म्हणत भाऊ बाह्या सरसावून चढला. अक्षरं आधी मोजायची असतात, खडूने आखायची असतात, हे त्याला सांगायला मी होते. सांगितलं नाही. पहिला 'स' त्याने भोपळ्याएवढा काढला. अर्धा 'न' कसाबसा मावला. शेवटचा 'स' फळीच्या कडेला चेंगरला आणि त्याच्या अंगावरून रंगाचा ओघळ खाली आला. नसलेल्या मुलाचेही या घरात हालच.

नेमके तेव्हाच मोठ्या दवाखान्याचे मॅनेजर आले. त्यांच्या सगळ्या वॉर्डांच्या पाट्या आमच्याकडे यायच्या होत्या. वर बघून त्यांनी विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

भाऊ तोवर खाली उतरून भिंतीला टेकला होता, जणू त्या गावचाच नाही. वडील खुर्चीतून उठले.

"आमच्या मुलीने," ते म्हणाले. "रंगवायचं सगळं तीच बघते."

वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाइकासमोर हे कबूल केलं, आणि तेही कशासाठी. हे शब्द कधी कानावर पडले तर मला रडू येईल, असं वाटायचं. आली ती किळस.

"खरं आहे," मी मॅनेजरांना म्हटलं. "इथली प्रत्येक पाटी मीच रंगवते. ही बिघडली आहे, तर दुरुस्तही मीच करते. पाच मिनिटं थांबा."

टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवून वर चढले. रंग ओलाच होता, दोन फटक्यांत सन्स गेले. खडूने दोन रेघा आखल्या आणि 'कन्या' लिहिलं. खालून वडील म्हणाले, हे काय करतेस. मॅनेजरांनी नवी अक्षरं वाचली आणि खिशातून वॉर्डांची यादी काढली. भावाने सवयीने हात पुढे केला.

"यादी माझ्याकडे द्या," मी वरूनच म्हटलं, आणि भावाला सांगितलं, शिडी हलते आहे, नीट धर.

त्याने धरली.