एकशे त्रेसष्ट अंगठे

हिंगणीच्या आमच्या भाजीपाला संस्थेच्या शेडमध्ये बायकांसाठी संडास आहे. त्यात अध्यक्ष दौलतरावांचे वांग्यांचे कॅरेट राहतात. कुलूप लावून, सन्मानाने. पहाटेपासून भाजी निवडणाऱ्या तीस बायका मागच्या तुरीत जातात.

म्हणून सुलोचनाकाकू अध्यक्षपदाला उभी राहिली. संस्थेत सभासद असलेली बाई ती एकटीच. बाकीच्यांचे सातबारे नवऱ्यांच्या नावावर, त्यामुळे मतंही नवऱ्यांची. मी पुतण्या, म्हणून फुकटचा प्रचारप्रमुख.

बुधवारी मी संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं : 'रविवारी आठ ते चार मतदान. संडास उघडायचा असेल तर काकूला मत द्या.' दोनशे बारा सभासदांपैकी एकशे त्रेसष्ट जणांनी खाली अंगठा टाकला. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे मला शाळेत शिकवलं होतं. तरी मी पेढे सांगून आलो.

रविवारी तीन वाजेपर्यंत नऊ मतं पडली. पाच दौलतरावांच्या घरची. निवडणूक अधिकारी पेटीवर डोकं ठेवून घोरत होते. मी रूपरावांच्या घरी पळालो. ते आणि शेजारचे बाबाराव बाजेवर बसून क्रिकेट पाहत होते.

"काका, मत?"

"देल्लं ना बे बुधवारीच! ग्रुपवर अंगठा देल्ला."

"तो नुसता अंगठा होता, काका!"

"नुसता? माह्या बापानं जिंदगीभर अंगठाच देल्ला. कोर्टात चालला, तुह्या संस्थेले काऊन नाई चालत?"

"मी तं दोनदा दाबला," बाबाराव म्हणाले. "म्हटलं, पक्का लागला पाह्यजे."

दोनदा दाबला की अंगठा निघून जातो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"अजून तासभर आहे. चला दोघंही, गाडीवर नेतो."

रूपराव दचकले. "आता? दुबार मतदान होते ना बे! गुन्हा हाय तो. आमी कायद्यानं चालणारी माणसं."

आणि ओव्हर सुरू झाली.

काकू पाच विरुद्ध चार अशी पडली. तिनं दौलतरावांकडे किल्ली मागितली.

"पाहू ना वहिनी," ते म्हणाले. "कॅरेट कुठं ठेवू, तेवढं सांगा."

सोमवारी पहाटे बायका तुरीकडे निघाल्या. सगळ्यांत पुढे दौलतरावांची बायको मनकर्णा. शेडमधले आम्ही सगळे पुरुष सभ्यपणे पाठ फिरवून उभे राहिलो. पाठ फिरवायला मात्र कुणीच विसरलं नाही.