दोर सोडण्याची जागा

सहा वर्षं केबल कारवर कंडक्टरकी केल्यावर लोर्ना बाउतिस्ताने ठरवलं, आता गाडी आपणच चालवायची. गाडीला इंजिन नसतं. रस्त्याखालून पोलादी दोर अखंड धावत असतो. चालकाने उंच दांडा ओढला की खालचा चिमटा तो दोर पकडतो आणि गाडी चढ चढते. "बायकांचं काम नव्हे" म्हणणाऱ्यांना चूप करायला तिने पहिल्या आठवड्यात नुसती ताकद लावली आणि खांदे सुजवून घेतले. मग कळलं, ओढायचं ते मागे रेलून, अंगाच्या वजनाने.

खरी गोम नॉब हिल टेकडीवरच्या चौकात होती. तिथे दुसऱ्या मार्गाचा दोर आपल्या दोराच्या वरून जातो. आपला दोर आधीच सोडायचा, गाडी नुसत्या वेगावर पलीकडे न्यायची आणि पुन्हा धरायचा. उशीर झाला तर चिमटा वरच्या दोरावर आदळणार. या धास्तीने नवखे हटकून लवकर सोडतात. कालच्या परीक्षेत लोर्नाने तेच केलं. गाडी ऐन चौकात बसली आणि उतारूंनी ती ढकलली. आज शेवटची संधी होती. शेजारी उभ्या शिकवणाऱ्या मास्तरांनी दांड्याला हात लावला तरी नापास, आणि मग कायमची कंडक्टरकी.

"बाई, आज पण ढकलायचंय का?" मागचा ब्रेक सांभाळणारा कंडक्टर साल्वातोरे म्हणाला. "तसं असेल तर बूट घट्ट बांधतो."

"बूट काढून आरामात बस तू."

गाडी खचाखच भरलेली, चढ संपत आलेला. शेजारी उभे डेलरॉय मास्तर पुटपुटले, "सोड."

"अजून नाही."

"सोड म्हणतो ना!" त्यांचा हात दांड्याकडे आला. लोर्नाने कोपराने तो बाजूला सारला.

"हात आवरा, मास्तर."

तिने आणखी दोन हात गाडी ओढून घेतली आणि मग दांडा सोडला. गाडी रांगत रांगत चौक ओलांडून गेली. पलीकडे तिने दोर पुन्हा धरला.

पुढच्या थांब्यावर तिने गाडी उभी केली.

"पास का नापास?" तिने विचारलं.

"पास. गाडी एवढी भरलेली, माझं ऐकलं असतंस तर आजही चौकात बसलो असतो." त्यांनी घसा खाकरला. "तरुणपणी एकदा मी चिमटा आदळवला होता, पोरी. तेव्हापासून लवकर सोडतो. दोराबरोबर माझी भीतीही शिकवली तुला. तेवढी विसरून जा."